मनगटाने डोळे पुसणारी मोठीमाय

पंचफुलाबाई कुठल्याही लेकराचे डोळे बोटांनी पुसत नसत. पोर रडत आलं की आधी स्वतःची बोटं मुठीत दडवायच्या, हात उलटा करायच्या आणि मनगटाच्या वरच्या भागानं त्याचे डोळे, नाक, गाल असं सगळं एका फटक्यात पुसून काढायच्या. त्यात मऊपणा फारसा नसे. पोराची मान मागे जायची, पाय लटपटायचे, आणि गंमत म्हणजे रडणं थांबायचं. मला आधी वाटलं, बाईंना शेंबडाची किळस येत असेल. मग वाटलं, हात शेणाचे असतील. मास्तरकी करणाऱ्या माणसाला अंदाज बांधायची फार खोड असते आणि त्यातले बहुतेक चुकतात. खरं कारण कळायला मला काही वर्षं लागली.

मी तेव्हा ब्रह्मपुरीहून आत, जंगलाला खेटून असलेल्या एका गावात शिक्षिका होते. सरकारदरबारी गावाला लांबलचक नाव आहे, पण बोलताना सगळे नुसतं ‘टोला’ म्हणत. शाळा सातवीपर्यंत, शिक्षक दोन. एक मी आणि एक आमचे हेडमास्तर मेश्राम सर. सर मुळातच मितभाषी, त्यात तंबाखू, त्यामुळे दिवसभरात त्यांच्या तोंडून मोजकीच वाक्यं बाहेर पडत.

मी दिवाळीनंतर रुजू झाले तेव्हा वर्ग गच्च भरलेले होते. बसायला पट्ट्या पुरत नव्हत्या. संक्रांत झाली आणि एका सोमवारी पाहते तर वर्गात हाताच्या बोटांवर मावतील एवढी डोकी. मी घाबरून सरांना विचारलं, “गावात साथ आली की काय?”

सर खिडकीपाशी जाऊन थुंकून आले. “साथच आहे. मिरचीची. दरवर्षी येते, एप्रिलातल्या जयंतीपर्यंत जाते.”

टोल्याला धानाशिवाय दुसरं पीक नाही. धान कापून, चुरून म्हणजे मळून घरात आलं की गावाला काम उरत नाही, आणि तेंदूपानाला उन्हाळा उजाडावा लागतो. मधल्या महिन्यांत तिकडे तेलंगणात मिरची लाल होते. ती तोडायला आमच्याकडची गावंच्या गावं टेम्पोत बसून जातात. शेतातच ताडपत्री ठोकून राहायचं, दिवसभर तोडायचं, मजुरी थोडी पैशात आणि थोडी वाळल्या मिरचीत घ्यायची. लेकरं कुणाजवळ ठेवणार? म्हणून तीही टेम्पोत. मोठी पोरगी असली की ती धाकट्याला खेळवते, जरा उंच झाली की खालच्या फांद्यांची मिरची तोडते. परत येईस्तोवर शाळेचं वर्ष संपलेलं असतं. आम्ही त्यांना वरच्या वर्गात सरकवत असू, पण मधले धडे कायमचे बुडालेले. असे चार हंगाम गेले की पाचवीतल्या पोराला दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही. मग त्याला लाज वाटते, मग ते येईनासं होतं, आणि मग त्याला जगात एकच काम येत असतं.

पंचफुलाबाई या वाटेवरच्या जुन्या प्रवासी. ठेंगण्या, काटक, केस पांढरे पण चाल पोरीसोरींची. आवाज असा की तलावाच्या पलीकडच्या बाईशी त्या फोन न लावता बोलत. नवरा लवकर गेलेला. एकुलती लेक मंदा, तीही गावातच दिलेली. माय-लेकीच्या घरांमध्ये काय ती एक काट्यांची कुपाटी. त्या कुपाटीला पंचफुलाबाईंनी स्वतःच भोक पाडलं होतं आणि दर पावसाळ्यात जावई ते बुजवत असे. गावातली सगळी पोरं त्यांना ‘मोठीमाय’ म्हणायची. वर्षभरात मीही म्हणू लागले.

पुढच्या संक्रांतीनंतर मी मुद्दाम ब्रह्मपुरीहून सकाळच्या पहिल्या बसनं गेले. टेम्पो शाळेसमोरच्या हातपंपाशी उभा होता. भांडी, ताडपत्र्या, तांदळाच्या पिशव्या, माणसं, सगळं एकावर एक रचलेलं. पंचफुलाबाई त्यांच्या जावेबरोबर, सखूबाईबरोबर, आत बसल्या होत्या. खाली मंदा कडेवर तान्हा घेऊन आणि हातात पोरगी धरून उभी. ही पोरगी म्हणजे प्रणाली. माझ्याच पहिलीच्या वर्गातली, ‘क’ला काना देताना जीभ बाहेर काढणारी.

“मंदे,” वरून पंचफुलाबाई म्हणाल्या, “पोरीले राहू दे. आत्ताच तं वाचाले लागली.”

“कोनापाशी राहू देऊ? तू तं चालली.”

पंचफुलाबाईंनी आपलं गाठोडं खाली फेकलं आणि त्याच्यामागून स्वतः उतरल्या.

“नाई चालली मंग.”

मुकादम धावत आला. मिरचीचं काम जोडीनं चालतं. एका ओळीच्या एका बाजूला एक माणूस, दुसऱ्या बाजूला दुसरा. एकटा माणूस शेतमालक घेतच नाही. “मोठीमाय, मस्करी करू नोका,” तो म्हणाला. “तुमची जोडी मोडते. सखूबाईनं काय झाडासंग जोडी लावाची?”

“तुह्यासंग लावाची. तू नुसता शिट्टी वाजवत फिरते.”

टेम्पोत हशा पिकला. सखूबाई मात्र हसल्या नाहीत. परत आल्यावरही कितीतरी दिवस त्या जावेशी बोलल्या नाहीत. त्या हशातच मागच्या बाजूनं एक बाई म्हणाली, “मोठीमाय, माह्या पोट्ट्याले पन ठेवतं का वं?” आणि उत्तराची वाट न पाहता तिनं पोरगा खाली दिला. त्याच्यामागून आणखी एक. मग टेम्पोच्या मागच्या फळीवरून धानाची पोती उतरवावी तशी लेकरं खाली येऊ लागली. पंचफुलाबाई ओरडत होत्या, “अगा बाप्पा, मी एकीसाठी उतरली होती!” पण हात वर करून प्रत्येकाला झेलतही होत्या.

सगळ्यात लहान पोरगा टेम्पो हलताच असा रडू लागला की ऐकवेना. त्याच्या आईनं वरून अंगावरचं सोडून दुसरं होतं ते एक जुनं लुगडं काढलं आणि खाली फेकलं. ते पोराच्या डोक्यावरच पडलं. पंचफुलाबाईंनी ते बाजूला केलं, बोटं मुठीत दडवली आणि मनगटानं त्याचं तोंड पुसलं. त्या लुगड्यात तोंड खुपसून ते पोर माझ्या वर्गात दिवसभर बसलं होतं. मी त्याला हाक मारली नाही.

तेव्हापासून गावात रीतच पडली. जाणाऱ्या प्रत्येक आईनं पोरामागे एक लुगडं ठेवायचं, तेही न धुतलेलं, आणि सोबत खाण्यापुरता तांदूळ. दिवेलागणीला बाईंच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, पोरं ओळीनं झोपायची तेव्हा प्रत्येकाच्या अंगावर आपापल्या मायचं लुगडं. चुकून याचं त्याला गेलं तर अंधारातही ओळखायची पोरं, नुसत्या वासावरून. मी शाळेत आरोग्याचा धडा शिकवणारी. एकदा न राहवून म्हणाले, “मोठीमाय, निदान महिन्यातून एकदा धुवा हो ही लुगडी.”

“धुतलं तं माय जाते त्याच्यातून,” त्या म्हणाल्या. माझा आरोग्याचा धडा तिथंच संपला.

लोक परत यायचे तेव्हा प्रत्येक घर त्यांच्या अंगणात पायलीभर वाळकी मिरची ओतायचं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, आपोआप झालं. जयंतीच्या सुमाराला त्यांच्या घरात पाऊल टाकलं की शिंक आलीच. भंतेजी वंदना घ्यायला आले तेव्हा त्यांनाही आली, आणि दुसऱ्या ओळीनंतर त्यांनी पंचफुलाबाईंना खूण करून वंदना अंगणात हलवली. पण ज्या घरात अख्ख्या गावाची मिरची, त्या घरचं जेवण आजाऱ्याला चालेल इतकं फिकं. लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, सगळं नुसतं मिठावर. पोरं मधल्या सुट्टीत शाळेची खिचडी खाताना एकमेकांना सांगायची, “हे तिखट आहे रे, खाऊन घे.” त्या खिचडीला तिखट म्हणणारी माणसं मी आयुष्यात तेवढीच पाहिली.

मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्याडम, मिरचीनं माह्यावर बम राज केलं. आता माह्या चुलीवर मी तिले बसू नाई देत.” साठलेली मिरची मग शेअर जीपच्या टपावर चढवून त्या ब्रह्मपुरीच्या बाजारात विकून यायच्या. त्यावर पोरांचं तेल-मीठ आणि त्यांचा पावसाळा निघायचा.

वाघाची भीती आमच्याकडे बारमाही. संध्याकाळी पोरांना तलावाकडे न्यायचं तर पंचफुलाबाई पुढे ताट वाजवत आणि मागे थोरली पोरं डबे वाजवत, अशी वरातच निघे. प्रणाली नेहमी सगळ्यात मागे. मागचं टोक सांभाळायचं काम तिनं आपणहून घेतलं होतं. एखादं पोर घाबरलंच तर बाई सांगायच्या, “वाघाले मिरचीचा ठसका लागते. माह्या पोट्ट्याइच्या वाटेले नाई येत तो.” पोरांना पटायचं. खरं सांगायचं तर त्या अंधारल्या वाटेवर मलाही पटायचं.

आणि रविवारचा फोन. बाईंचा बटनांचा फोन, त्याचं एक बटन गेलेलं. तिकडून रविवारी संध्याकाळी एकेकाच्या आईचा फोन यायचा, इकडे पोरांची रांग. नियम एकच. फोनवर रडायचं नाही. “रडाचं तं फोन ठेवल्यावर,” त्या बजावायच्या. “तुमी इथी रडसान तं ती तिथी मिरची सोडून थोडीच येऊ शकते? नुसता जीव जाते तिचा.” म्हणून प्रत्येक पोर फोन कानाला लावून फक्त “जेवलो” म्हणायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. तिकडच्या आयांनाही तोच नियम होता. एकदा एका पोरानं “जेवलो” म्हटलं, तिकडून “जेवजो बेटा” आलं, आणि मग दोघंही फोन न ठेवता नुसते श्वास ऐकत राहिले. मागची पोरं कुरकुरू लागली. पंचफुलाबाई म्हणाल्या, “राहू द्या रे. ते रडून नाई राह्यले ना? नेमात बसते.”

एका वर्षी कुठल्याशा खात्याचे एक साहेब गाडी घेऊन आले. त्यांच्या कानावर ही हकिकत गेली होती. त्यांनी सपरी पाहिली, पोरांना ओळीत उभं करून फोटो काढले आणि पंचफुलाबाईंना फार आदरानं विचारलं, “आजी, ही समाजसेवा तुम्ही किती वर्षांपासून करताय?”

“सेवा कायची जी? मिरचीवर आहे मी. पोट्टे गेले तं मिरची बंद.”

साहेबांना ते विनयाचं बोलणं वाटलं. जाताना त्यांनी पोरांसाठी पांघरुणं पाठवायचं कबूल केलं आणि माणूस शब्दाचा पक्का निघाला, पांघरुणं आली. फक्त ती आली मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडे उघड्या अंगानंही झोपवत नाही आणि पोरं केव्हाच आपापल्या मायांपाशी गेलेली असतात. पंचफुलाबाईंनी गठ्ठा उतरवून घेतला. आणणाऱ्याला गार पाणी दिलं आणि म्हणाल्या, “ठेवा जी. सूर्याले पांघरून देतो मी.”

त्याच मे महिन्यात कधीतरी मला मनगटाचं कारण कळलं. दुपारी शाळेला कुलूप लावून मी त्यांच्या सपरीत बसची वाट पाहत बसले होते. त्या मिरचीचे देठ खुडत होत्या. मंदाचा धाकटा धडपडला आणि रडत आला. त्यांनी नेहमीप्रमाणे मूठ वळली, मनगट पुढे केलं. मी विचारलंच.

“मंदी रांगत होती तवा,” त्या देठ खुडता खुडता सांगू लागल्या. “शेतातच झोपवली होती, झाडाखाली. तिच्या डोऱ्यावर माशी बसली. मी धावत गेली आनि बोटानं पुसली. बस. पोरगी अशी किंचाळली का मुकादम पन पळत आला. मी पानी घ्याले गेली, ओंजळीनं टाकलं, तं ओंजळ पन मिरचीचीच. आणखीनच भगभगलं तिचं. मंग दुसऱ्या बाईनं पदरानं पुसलं. दिवसभर मी माह्या पोरीले हात नाई लावला, म्याडम. दुरून पाहत राह्यली, दुसऱ्याची असल्यावानी.”

“पण आता तर तुम्ही शेतात जात नाही.”

“हात धुऊन होते हो. बोटावरचा भरोसा गेला तो गेला.” मग त्यांनी कुपाटीपलीकडे पाहिलं. प्रणाली तिथं पाण्याचा गुंड डोक्यावर ठेवून उभी होती. “माहे हात गेले. मंदीचे पन गेले. चौथीतून काढली मी तिले, माह्याच हातानं. मिरचीले आमचं घर माहीत आहे म्याडम, इचारत इचारत नाई येत ते. पन या पोरीच्या हाताले नाई लागू देत मी. एक तरी पोरगी आमच्यातली मॅट्रिक झाली पायजे.”

बाईंनी एवढं सरळ काही मागितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. एरवी त्या थट्टेवारी नेत. त्या दिवशी मला प्रणालीची काळजी वाटू लागली, ती माझ्या शाळेतून सातवी होऊन गेल्यावरही सुटली नाही.

पोरगी हुशार होती, पण फार हुशार म्हणणार नाही. चिवट होती. मोठ्या गावच्या हायस्कूलला सायकलनं जायची, येताना रानातल्या वाटेवर मोठमोठ्यानं इतिहास म्हणायची. अभ्यासही होतो आणि जनावरही दूर राहतं, असं तिचं म्हणणं. बाईंच्या सपरीतल्या पोरांना संध्याकाळी पाढे घ्यायचं काम हळूहळू तिच्याकडे गेलं. छडी नव्हती, पण आवाज आजीचा होता.

ती दहावीला गेली त्या वर्षी, धान चुरायच्या दिवसांत, तिच्या बापाला रानडुकरानं पाडलं. मांडी फाटली. टाके पडले, जीव वाचला, पण पाय टेकवता येईना. संक्रांत जवळ आली आणि सगळ्यांना न बोलता दिसू लागलं की मंदाची जोडी मोडली. ती घरी बसली तर पावसाळ्यात चूल कशावर पेटणार, हा प्रश्न. आणि एकटीला मुकादम नेणार नाही.

मुकादम आपल्याच गावचा, वाईट माणूस नव्हता. त्यानं सोपा मार्ग सुचवला. “प्रणालीले घ्या ना. चपळ आहे, उंची आहे. तिची नि मंदाबाईची जोडी फस्ट क्लास होईन.”

मी त्याच्या घरी गेले. परीक्षा मार्चमध्ये आहे, पोरीचं आयुष्य आहे, असं शाळेतल्या भाषेत बरंच बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, वर पोह्यांचा आग्रह केला. मत बदललं नाही. त्याला टेम्पो भरून न्यायचा होता, नाहीतर पुढच्या वर्षी त्याचीच मुकादमकी जाणार होती.

संध्याकाळी मी कुपाटीच्या भोकातून मंदाकडे गेले तर तिथं तेच चाललं होतं. जावई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. प्रणाली चुलीपाशी, हातात पुस्तक, पण पान उलटत नव्हतं. मंदा रडत म्हणत होती, “एका वर्साचा तं प्रश्न आहे, माय. परीक्षा काय पळून चालली? पुढच्या साली देईन.”

“पुढची साल कोनाले आली वं?” पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्या दिवशी कुपाटीपलीकडेही गेला नसता. “तुले पन मी पुढच्याच साली शाळेत घालतो म्हटलं होतं.”

मंदाचं रडणं एकदम थांबलं. ती आईकडे पाहत राहिली. मला वाटतं, ही गोष्ट त्या दोघींत पहिल्यांदाच बोलली गेली होती. मी तिथून उठले.

दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी शाळेत जाताना मला त्यांच्या अंगणातल्या दोरीवर एक जुना मर्दानी सदरा वाळत घातलेला दिसला, लांब बाह्यांचा, कोपरांना ठिगळं. मिरचीत जाणाऱ्या बाया लुगड्यावर तसा सदरा घालतात, हात सोलले जाऊ नयेत म्हणून. तो त्यांच्या नवऱ्याचा होता. मी दारातच थांबले. आतून आवाज आला, “पाहू नोका म्याडम, अजून बसते अंगाले.”

मुकादम म्हणाला, “मोठीमाय, या वयात तुमच्यानं ओळ धकन काय?”

“माह्या बोटाले इचार. ते कुठी इसरले अजून?”

गावातल्या बायांनी समजावलं. सखूबाई तर भांडल्या, आणि शेवटी म्हणाल्या, “उतरली तवा मले नाई इचारलं, चढून राह्यली तवा पन नाई इचारलं.” पंचफुलाबाई फक्त हसल्या. त्यांचा हिशेब साधा होता. मंदाला जोडी पाहिजे होती आणि प्रणालीला मार्च. सपरीतली पोरं प्रणाली आणि तिचा बाप मिळून सांभाळणार होते. बाप खाटेवरून काठी आपटायला, पोरगी बाकी सगळ्याला. मीही ते दोन महिने गावातच मुक्कामाला राहिले. त्यात माझं मोठेपण काही नाही, तशीही बस वेळेवर येत नव्हती.

प्रणाली त्या परीक्षेला बसली आणि पास झाली, हे मी आताच सांगून टाकते. निकालाच्या दिवशी मी टोल्यात नव्हते. परीक्षा संपता संपता माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली होती आणि जयंतीला लोक परतले तेव्हा मी नव्या शाळेचं कुलूप उघडत होते. पुढे जाईन-जाईन म्हणता राहून गेलं, आणि मग मोठीमाय गेल्याचं कळलं, जायला कारण उरलं नाही. म्हणून मोठीमाय माझ्यापुरती अजून त्या टेम्पोच्या सकाळीच उभी आहे.

तोच हातपंप. टेम्पो नवा, ताडपत्र्या त्याच. आया पोरांना खाली ठेवत होत्या, लुगडी देत होत्या. पंचफुलाबाईंच्या अंगात तो सदरा, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. मंदा आधीच वर चढून त्यांच्यासाठी जागा धरून बसली होती. प्रणाली शाळेच्या गणवेशात, मागे पोरांची ओळ. तिचा चेहरा दगडासारखा. आजीनं फळीला हात घातला तशी ती पुढे झाली, गळ्यातली शाळेची निळी ओढणी काढली आणि तिच्या हातात दिली.

“हे काय वं? शाळेची आहे. लाल होईन.”

“होऊ दे. न धुता दिली आहे.”

पंचफुलाबाईंनी ती ओढणी नाकाशी नेली. मग डोक्यावरून तोंडाभोवती गुंडाळली, बाया मिरचीत गुंडाळतात तशी, फक्त डोळे उघडे ठेवून. एक पाय फळीवर टेकवला. आणि तेवढ्यात प्रणाली रडू लागली. इतके दिवस न रडलेली पोरगी ती, तिला रडताही नीट येईना. मागची बारकी पोरं तिच्याकडे पाहून ओठ काढू लागली. मुकादमानं शिट्टी वाजवली.

पंचफुलाबाईंनी फळीवरचा पाय खाली घेतला. सवयीनं मूठ वळली, हात उलटा केला, मनगट नातीच्या तोंडापर्यंत नेलं. तिथं थांबल्या. मग त्यांनी मूठ उघडली. बाही मागे सारली, हात आपल्याच पदराला पुसून घेतले, बोटं उन्हात धरून एकदा पाहिली. आणि दोन्ही हातांच्या बोटांनी प्रणालीचे डोळे पुसले, हळूहळू, आधी एक, मग दुसरा, पापण्यांच्या कडांपर्यंत.

“आत्ता चांगले आहे हात,” त्या म्हणाल्या. “आजच्या दिवस.”

मग त्या चढल्या. टेम्पो तलावाच्या वळणाला लागला तेव्हा मागे उभ्या सगळ्या बायांची तोंडं बांधलेली होती, कोण कुठली ते ओळखू येत नव्हतं. निळी ओढणी तेवढी दिसत होती, आणि मग झाडं आडवी आली.

प्रणाली तिथंच उभी होती. तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं होतं. मी माझा रुमाल पुढे केला.

“नोको म्याडम,” ती म्हणाली. “पुसले तिनं.” आणि पोरांची ओळ पुढे घालून, स्वतः सगळ्यात मागे, शाळेकडे चालू लागली.